आडवा वारा, हलकी गाडी आणि आखडलेले हात

प्रश्न : माझी मोटरसायकल १०० सीसीची आहे, वजन ११० किलोच्या आसपास. कामावर जाताना रोज एक लांब, उघडा पूल लागतो आणि पुढे मोकळ्या माळावरचा रस्ता. वाऱ्याच्या दिवसांत डावीकडून असा झोत येतो की गाडी अर्धी लेन सरकते. ट्रक ओलांडताना तर जीव मुठीत धरावा लागतो. हँडल घट्ट धरून ठेवतो, तरी उपयोग होत नाही. कोणी सांगतं, मागच्या कॅरिअरवर दहा-पंधरा किलो वजन बांध. कोणी म्हणतं, वेग वाढव म्हणजे गाडी स्थिर राहते. कोणी टायरमधली हवा थोडी कमी करायला सांगतं. खरं काय मानायचं? आणि वारा किती असला की गाडी बाहेर काढूच नये? – एक वाचक

उत्तर : 'हँडल घट्ट धरून ठेवतो, तरी उपयोग होत नाही' असं तुम्ही लिहिलंय. उपयोग होत नाही एवढंच नाही, त्याने गाडी जास्त सरकते. कसं ते आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

डावीकडून झोत आला की तो आधी तुमच्या अंगावर आदळतो. वाऱ्याला अडवणारा सगळ्यात मोठा पृष्ठभाग गाडीचा नसतो, तुमच्या छातीचा आणि खांद्यांचा असतो. धड उजवीकडे ढकललं जातं. हात ताठ आणि मूठ आवळलेली असेल तर धडाचा तो धक्का थेट हँडलमध्ये उतरतो : उजवी ग्रिप पुढे दाबली जाते, डावी मागे ओढली जाते. चालत्या दुचाकीत उजवी ग्रिप पुढे दाबली की गाडी उजवीकडे झुकते आणि उजवीकडेच वळते. म्हणजे वाऱ्याने थोडं ढकललं आणि उरलेलं काम तुमच्याच हातांनी केलं. अर्धी लेन जाते ती अशी.

तेव्हा पहिला बदल पकडीत करा. शरीराला आधार द्यायचा तो पायांनी. दोन्ही गुडघ्यांनी टाकी दाबून धरा, पाऊल फूटरेस्टवर टाचेने न ठेवता चवड्याने ठेवा, पाठ किंचित पुढे झुकवा, कोपरं वाकवून खाली सोडा. हाताची पकड इतकीच, की ग्रिप निसटणार नाही. नीट जमलंय का हे तपासायचं तर चालत्या गाडीवर कोपरं वर-खाली हलवून पाहा. हँडल न हलता कोपरं हलली पाहिजेत. पुढे झुकल्याने वाऱ्याला अडणारं अंगही कमी होतं. पोट टाकीला टेकवून झोपायची मात्र गरज नाही. तसं केलं की मान वर धरून लांब पाहता येत नाही आणि हात पुन्हा ताठ होतात.

दुसरा बदल झोताला द्यायच्या उत्तरात. वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूची ग्रिप पुढे दाबायची. डावीकडून झोत आला तर डाव्या तळव्याने डावी ग्रिप पुढे, हलका पण ठाम दाब. गाडी डावीकडे, म्हणजे वाऱ्याकडे कलते आणि सरळ जात राहते. वाऱ्याचा जोर टिकून असेल तर तेवढा दाब आणि तेवढा कल तसाच ठेवायचा, जोर ओसरला की दाब सोडायचा. दाब सोडायचा म्हणजे उलट्या बाजूने खेचायचं नाही. नवशिक्यांची गाडी नागमोडी जाते ती तिथेच : झोत संपल्यावर ते दचकून हँडल उलटं मारतात. याचा सराव वाऱ्यात करू नका. वारा पडलेल्या दिवशी, मोकळ्या सरळ रस्त्यावर, ताशी ४० किमीला आधी एक ग्रिप हलकेच दाबून पाहा, मग दुसरी. गाडी दाबलेल्या बाजूला जाते हे अंगवळणी पडलं की वाऱ्यात विचार करावा लागत नाही.

काहीजण वाऱ्याच्या बाजूचा गुडघा बाहेर काढायला सांगतात. त्याने तिकडे थोडा जास्त वारा अडतो आणि गाडी वाऱ्याकडे ओढली जाते, असं कारण देतात. फरक पडत असेलही, पण टाकीवरची पकड सुटते. तुमच्या गाडीवर ती पकड जास्त मोलाची आहे.

आता वेगाचं. ताशी ४० किमीचा वारा समोर आडव्या आलेल्या एका चौरस मीटरवर साधारण साडेसात किलोचा भार टाकतो. ८० किमीचा वारा टाकतो तीस किलोचा, कारण वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. शिवाय तुम्हाला लागणारा वारा म्हणजे नुसता आडवा वारा नसतो. त्यात गाडीच्या वेगाने अंगावर येणारी हवाही मिसळते. ४० चा आडवा वारा आणि तुमचा वेग ८० असेल तर अंगावर येणारा एकत्रित वारा ताशी ९० च्या घरात जातो. ४५ ने चालवलीत तर तो ६० वर येतो. आडवा वारा तेवढाच असेल तर आडवं ढकलणारा जोर ढोबळमानाने या एकत्रित वेगाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे तो जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. 'वेग वाढव' म्हणणाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. अगदी हळू, ताशी २० च्या खाली, दुचाकी स्वतःहून सरळ राहत नाही, प्रत्येक झुळकीला डुलते. म्हणून रांगतही जायचं नाही. १०० ते १२५ सीसीच्या गाडीला जोराच्या आडव्या वाऱ्यात ताशी ४० ते ५० ठीक. एक गिअर खालचा ठेवा, म्हणजे इंजिन मधल्या फेऱ्यांत राहील आणि थोडी रेस दिली की लगेच ओढ मिळेल. झोत आला की रेस एकदम सोडणं आणि ब्रेक आवळणं, दोन्ही टाळा. टायरची काही पकड वाऱ्याला तोंड देण्यात आधीच खर्ची पडलेली असते. ओल्या किंवा वाळू पसरलेल्या रस्त्यावर उरलेली पकड फार नसते. वेग कमी करायचा तो झोताच्या जागेच्या आधी.

कॅरिअरवर वजन बांधायचा सल्ला वरवर पटण्यासारखा आहे, कारण हलकी गाडी जास्त हलते हे खोटं नाही. तुमची ११० किलोची गाडी आणि ६५ किलोचा माणूस धरला तर १७५ किलो. २०० किलोची गाडी असती तर २६५. दोन्हींवर वाऱ्याचा धक्का सारखाच धरला, तर तोल राखायला तुम्हाला दीडपट कलावं लागेल. पण त्यावर दहा किलो बांधून १८५ झाले, तर फायदा सहा टक्क्यांचा. आणि वजन बसतं कुठे? मागच्या चाकाच्या एक्सलच्याही मागे आणि सीटच्या उंचीवर. पुढचं चाक हलकं होतं, हँडल भुरभुरायला लागतं आणि झोताने मागचा भाग घड्याळाच्या लंबकासारखा डोलतो. सामान न्यायचंच असेल तर जड वस्तू खाली आणि सीटच्या शक्य तितक्या जवळ, दोन्ही बाजूंना सारख्या. रिकामा टॉप बॉक्स तर वाऱ्याच्या दिवशी काढूनच ठेवावा. त्यात वजन नसतं, नुसता वारा अडवणारा पत्रा किंवा प्लास्टिक असतं, तेही उंचावर. हलक्या गाडीची एक जमेची बाजूही आहे. तिला वाऱ्याकडे कलवायला फार थोडा दाब पुरतो आणि ती चटकन ऐकते. तीच तुमच्या हाताशी असलेली सोय आहे. कॅरिअरवर वजन टाकून ती घालवू नका.

हँडलला जोडलेली, वारा अडवणारी उंच काच असेल तर ती मात्र जरूर काढा. गाडीच्या चौकटीला घट्ट बसवलेली काच वाऱ्याचा धक्का चौकटीला देते. हँडलवर किंवा फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, बसवलेली काच तोच धक्का थेट स्टिअरिंगला देते. मग हात कितीही सैल ठेवलेत तरी हँडल आपोआप वळतं. मोठे हँडगार्डही थोडंफार हेच करतात.

टायरमधली हवा कमी करू नका. हवा कमी असली की टायरच्या बाजूच्या भिंती लवतात आणि तुम्ही दिलेल्या दाबाला गाडी उशिरा उत्तर देते. त्यातून ती तरंगल्यासारखी वाटते, आणि लोक ते वाऱ्याच्या माथी मारतात. गाडीवर चेन कव्हर किंवा स्विंग आर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांडीवर) स्टिकर असतो. त्यावर एकट्यासाठी आणि मागे माणूस असताना असे वेगळे आकडे दिलेले असतात. टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना तेवढीच हवा भरा. मागचं टायर मधोमध चपटं झिजलं असेल तर कलताना गाडी अडखळते. असं टायर वाऱ्यात खोड्या काढतं.

इथे एक चाचणी सुचवतो. वारा नसलेल्या दिवशी ताशी ५० ला गाडी सरळ आणि शांत चालते का? तेव्हाही डुलत असेल तर दोष वाऱ्याचा नाही. मेन स्टँडवर लावा, पुढचं चाक उचललं जाईल असं पाहा. फोर्कचे खालचे टोक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. कट-कट जाणवलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला आहे. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखं झालं तर त्यातल्या बॉल रेसला (छर्रे फिरतात त्या कडीला) खड्डे पडलेत आणि घट्ट करून भागणार नाही, तो बदलावाच लागेल. गरजेपेक्षा जास्त घट्ट आवळलेला कोनसेटही वाईट, गाडी डावी-उजवी शोधत जाते. मागचं चाक आडवं धरून हलवा : स्विंग आर्मचं बुश किंवा चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर खेळ कळतो. चेन ताणण्याच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आकड्यावर आहेत का पाहा. एक खूण पुढे-मागे असली की मागचं चाक तिरकं बसतं. एवढं करायला पंधरा मिनिटं लागतात, आणि बऱ्याचदा 'वाऱ्याचा त्रास' इथेच सापडतो.

ट्रकचं प्रकरण वेगळं आहे. तिथे नुसता वारा नसतो, त्यात झपाट्याने होणारे बदल असतात. वारा डावीकडून आहे आणि तुम्ही उजवीकडून ट्रकला ओलांडताय असं समजा. ट्रकच्या मागे असताना हवा गढूळ असते, गाडी बारीक थरथरते. ट्रकच्या बरोबरीला आलात की ट्रक वारा अडवतो आणि डावीकडचा जोर एका क्षणात नाहीसा होतो. पण तुम्ही तर वाऱ्याला टेकून डावीकडे कललेले असता. आधार गेला की गाडी डावीकडे, म्हणजे ट्रककडेच वळते. ट्रक आपल्याला आत ओढतो असं लोकांना वाटतं त्यात हा भाग मोठा असतो. त्यातून सावरून ट्रकच्या तोंडापाशी पोचता, तर ट्रकने पुढे रेटलेली हवा आणि अडलेला वारा दोन्ही एकदम अंगावर येतात आणि उजवीकडे फेकतात. म्हणजे पाच-सहा सेकंदांत एकदा दाब सोडायचा आणि एकदा दाबायचा. हे ठाऊक असेल तर करता येतं, ठाऊक नसेल तर माणूस घाबरून आखडतो.

म्हणून ट्रकपासून आडवं अंतर निदान दीड-दोन मीटर ठेवा. बरोबरीला येताच डाव्या ग्रिपवरचा दाब हळूहळू सोडा. ट्रकचं केबिन दिसायला लागलं की तळवा पुन्हा तयार ठेवा. समोरून येणाऱ्या वाहतुकीच्या रस्त्यावर मात्र सरळ सांगतो : जोराच्या आडव्या वाऱ्यात १०० सीसीने चालता ट्रक ओलांडू नका. ओलांडायला लागणारा वेळ फार आणि उजवीकडे फेकलं जायला जागा नाही. चार सेकंदांचं अंतर ठेवून मागे राहा. त्याहून जवळ गेलात तर गढूळ हवाच वाट्याला येते. समोरून ट्रक येत असेल तर आपल्या लेनच्या कडेला, पण मातीच्या खांद्यापासून मीटरभर आत राहा आणि तो जवळ यायच्या आधीच वेग थोडा कमी करा. आधी बाहेर ढकलणारा धक्का येईल, लगेच मागून उलटा ओढणारा.

लेनमध्ये कुठे चालायचं, त्याचं उत्तर साधं आहे. वारा जिकडून येतो त्या बाजूच्या तिसऱ्या हिश्शात. सरकायला वाऱ्याच्या खालच्या बाजूला जागा उरते. मात्र अगदी कडेच्या पट्टीवर नको, तिथे वाळू, पाचोळा आणि फांद्या साठतात.

धोका सतत वाहणाऱ्या वाऱ्यात तितका नाही, जितका तो सुरू होतो आणि तुटतो त्या जागांवर. तुमच्या रस्त्यावर त्या जागा ठरलेल्या आहेत : पुलाचं पहिलं आणि शेवटचं टोक, पुलाच्या खांबांमागून बाहेर पडताना, झाडांची रांग संपते तिथे, डोंगर कापून काढलेल्या रस्त्याचं तोंड, इमारतींमधली फट. अरुंद जागेतून जाताना हवा वेग घेते, म्हणून फटीतला झोत मोकळ्या माळापेक्षाही जोरदार लागतो. एकदा शांत दिवशी जाताना या जागा मनात नोंदवून ठेवा. तिथे पोचायच्या पन्नासेक मीटर आधी वेग उतरलेला आणि कोपरं सैल झालेली हवीत. पुढचा झोत दिसतोही : रस्ता ओलांडणारी धुळीची रेघ, गवतावर धावणारी लाट, डबक्यावर उमटलेल्या बारीक सुरकुत्या, पुढच्या दुचाकीचं अचानक कलणं. नजर समोरच्या दहा मीटरवर खिळली तर यातलं काहीच दिसत नाही.

परतीच्या वाटेवर कधी वारा समोरून येत असेल. तो पाडत नाही, दमवतो. ४० च्या समोरच्या वाऱ्यात ताशी ६० ने जाणं म्हणजे इंजिनासाठी १०० च्या हवेत शिरणं. आठ अश्वशक्तीच्या गाडीला त्यात ७० गाठता येणार नाही. वरच्या गिअरमध्ये रेस पिळून इंजिन कण्हत ठेवण्यापेक्षा गिअर उतरवा, ५० वर समाधान माना, आणि पेट्रोल जास्त लागेल हे धरून चला. पाठीमागचा वारा फसवा असतो. हेल्मेटमधला आवाज कमी होतो, वेग जाणवत नाही, थांबायला अंतर जास्त लागतं. स्पीडोमीटर पाहत राहा. वळण आलं की तोच वारा आडवा होणार आहे, हेही लक्षात असू द्या.

कपड्यांचं थोडक्यात. अंगावर फडफडणारं काही नको. सैल, पोत्यासारखा रेनकोट शिडाचं काम करतो. अंगाला बसणारा कोट आणि पँट घ्या, मनगट आणि गळा बंद करा. ओढणी, उपरणं, बॅगेचे लोंबते पट्टे आत खोचा. ते मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेले की वाऱ्याचा प्रश्न बाजूलाच राहतो. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, काच खाली आणि पट्टा घट्ट. पुढे टोपीसारखी झडप असलेलं हेल्मेट वाऱ्यात मान हिसडतं. मागे कोणी बसणार असेल तर त्याने दोन्ही बाजूंना पाय टाकून, तुमच्या जवळ, कंबर धरून बसावं आणि तुमच्याबरोबर कलावं. वाऱ्याविरुद्ध स्वतःहून कलू नये.

किती वाऱ्यात निघू नये, हा तुमचा शेवटचा प्रश्न. हवामानाच्या अंदाजात सहसा दोन आकडे असतात : सरासरी वारा आणि झोत. सरासरी म्हणजे जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा, दहा मिनिटांचा. रस्त्यावर, घरांच्या आडोशाला तो कमी लागतो. पण तुमचा उंच पूल त्याच उंचीवर किंवा वर असतो, म्हणून तिथे आकडा कमी करून वाचू नका. आणि पाहायचा तो झोताचाच आकडा. आमच्या मते, तुमच्या वजनाच्या गाडीला झोत ताशी ४० पर्यंत असेल तर वर सांगितलेल्या पद्धतीने जाता येतं. ४० ते ६० मध्ये पूल टाळणारा रस्ता घ्या किंवा वेळ बदला. ६० च्या वर गाडी घरी ठेवा. आकडा हाताशी नसेल तर झाडं पाहा. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट श्रेणीनुसार छोटी झाडं डोलू लागली की वारा ताशी २९ ते ३८ किमी असतो. मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री धरवत नाही तेव्हा ३९ ते ४९. अख्खं झाड हलतं आणि वाऱ्याविरुद्ध चालणं जड जातं तेव्हा ५० ते ६१. डहाळ्या तुटून रस्त्यावर पडायला लागल्या तर ६२ च्या पुढे गेलात. हे सरासरीचे आकडे आहेत, झोत त्याहून वरचे असतात. तेव्हा मोठ्या फांद्या हलताना दिसल्या की पूल सोडायचा.

वाटेत वारा वाढला तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला, भक्कम भिंतीच्या आडोशाला थांबा. झाड, जाहिरातीचा फलक, विजेच्या तारा आणि पत्र्याची शेड यांच्याखाली नाही. सिग्नलला थांबताना पुढचा ब्रेक धरून दोन्ही पाय टेका. एकच टेकवणार असाल तर वारा जिकडे ढकलतो त्या बाजूचा.

आणि गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे, पहिला गिअर टाकून, हँडल लॉक करून, साइड स्टँडवर. वाऱ्याकडे पाठ केलीत तर झोताने गाडी पुढे सरकते आणि साइड स्टँड घडी होतो. तोंड वाऱ्याकडे करता येत नसेल तर निदान वारा उजवीकडून येईल असं पाहा, म्हणजे तो गाडीला स्टँडवरच दाबेल. मेन स्टँडवर गाडी उंच आणि अरुंद पायावर उभी राहते, आडव्या झोताने उलटते. कव्हर घालू नका, ते फुगतं आणि गाडीला सोबत घेऊन पडतं.